जरा अ‍ॅडजस्ट

हॅलो?… हाव आई, मीच. थांब, अंगणात येते, निशी आत्ताच झोपली… हां, बोल. सागर कधी येऊन राह्यला मले घ्याले?… पिशवी भरून तयार आहे माही. तुह्यासाठी मुगाच्या वड्या पण घेतल्या…

काय?… नाही येत? काऊन?…

हो, हो… पायलची लग्नानंतरची पहिली आखाजी, मोठा सण. नव्या सुनेले तिच्या माहेरी सागरले पोचवाच लागते… अगं, कळते मले. मी कुठं काही म्हटलं?

रडत नाही… सर्दी आहे.

आई, तो शब्द नको आता. अ‍ॅडजस्ट कर, अ‍ॅडजस्ट कर… अगं ऐक ना! इथं सगळे तेच म्हणतात. टेलरनं ब्लाउज आवळ शिवला अन् म्हणे, ताई, अ‍ॅडजस्ट करून घ्या. माप त्याचं चुकलं, श्वास मी आवरू!… हसू नको… हे पंधरा दिवसांनी घरी येतात, तेही म्हणतात, थोडे दिवस अ‍ॅडजस्ट कर. निशीले दात येऊन राह्यले, दिवसभर किरकिर, मी एकटीच घेऊन फिरते… सासूबाई वाईट नाहीत गं. जेवली का, विचारतात. पण डोक्यावरून हात… नाही, काही नाही.

एकटी कशी येऊ? माहेराहून माणूस आल्याबिगर पाठवत नाहीत, तुले माहीत आहे… बाबा असते तर…

बरं… करते अ‍ॅडजस्ट. करते म्हटलं ना.

आई, ते दोघं गेल्यावर आखाजीले तुह्याजवळ कोण?… कोणीच नाही?… मग आमरस कोणासाठी करशील?… नाहीच करणार?…

आई, मग तूच ये ना मले घ्याले… आईनं येऊ नये? कोण म्हणते?… पाणी? अगं, नातवंड झाल्यावर लेकीच्या घरचं पाणी चालते, तूच सांगितलं होतं. निशी वर्षाची होईल आता… एक घोट पी, अन् लगेच निघू आपण.

नांदुऱ्याले गाडी बदलजो. इकडं येणारी सोनाळ्याची गाडी भरलेलीच असते… शरमू नको. कोणत्याही बाईले म्हणजो, जरा अ‍ॅडजस्ट करा, लेकीले आणाले चालली…

आई?… हाव म्हण ना एकदा… पिशवी उघडत नाही मी, तशीच ठेवते…

हॅलो?… आई?… हॅलो?…