दुधाचा उतारा

आमच्या छावणी भागात डॉक्टर कमी, सल्ले लई! आमच्या शेरू कुत्र्यानं उंदीर मारायच्या औषधाची वडी गिळली, तर शेजारचे जाधवकाका दुधाचं पातेलं घेऊन हजर. "पाज, विष उतरतं!"

"काका, सरका," म्हटलं. औषधाच्या पाकिटासकट कुत्रं रिक्षात घातलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पाकीट वाचून इंजेक्शन दिलं. म्हणाले, "घरी काही पाजलं नाय, लई बरं केलं."

शेरू वाचला. काका गल्लीभर सांगत सुटले, "इलाज माझाच!"

परवा हेच अतिशहाणे कानात घालायचं औषध पिऊन बसले. बोंबलत आमच्या दारात! मी रिक्षा बोलावली अन् ती येईस्तोवर दुधाचा ग्लास पुढं केला.

काका भडकले, "दवाखान्यात ने! मी काय कुत्रं हाय का?"

म्हटलं, "कुत्र्याला दवाखान्यातच नेलं होतं, काका."