मागच्या पानावरची मतं

...नाई, पन मी काय म्हनतो, तुमाले पुस्तक आवडलं नाई तं मुकाट्यानं परत करा ना बावा, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहाची काय गरज, अन लिहाचंच होतं तं जरा भरपूर तरी लिहाचं, दोन-दोन ओळी खरडून मोकये होता तुमी लोक, अन इकडं मानसाचे रविवार संपून जातात, त्याचं काय? पेपर ठेवा जराकसा खाली. खुशालराव नाव माहं. तिवस्याच्या तहसीलीतून अव्वल कारकून म्हनून रिटायर झालो, आता अमरावतीतच राहतो, अन या वाचनालयात रोज साडेचारले येतो. तुमी मले पाहता, मी तुमाले पाहतो, तीन वर्षं झाले, पन आपन एक शब्द बोललो नाई. आज बोलू. काम हाय माहं तुमच्याकडं, पन सुरुवातीपासून सांगतो, नाईतं समजाचं नाई.

माहा पोरगा मनोज, कॅनडात असते. रविवारी संध्याकायी सातले त्याचा फोन येते, तिकडं तवा सकाय असते. आता आमी काय बोलतो ते ऐका. 'बाबा, जेवले का?' सात वाजता! अमरावतीत सात वाजता कोन जेवते? पन मी म्हनतो, 'हो.' कोन वाद घालते? मंग मी इचारतो, 'पाऊस?' तो म्हनते, 'नाही.' 'बरं.' मंग तो श्वास घेते, मी श्वास घेतो, कॅनडातला श्वास इतका साफ ऐकू येते का बाजूच्या खोलीत बसेल हाय असं वाटते... 'बरं बाबा, ठेवू?' 'ठेव.' चार मिनिटं. घड्याळ लावून पाह्यलं मी. त्यातलं एक मिनिट 'आवाज येऊन राहिला का' यातच जाते.

पयले असं नव्हतं. पयले गोदा होती. माही बायको. फोन तीच घ्याची, पाऊन-पाऊन घंटा बोलाची, काय बोलाची देव जाने, अन मी झोपाळ्यावरून वरडाचो, 'पाऊस इचार त्याले!' गोदा गेली तीन वर्षांखाली अन फोन माह्या हातात आला. मले बोलता येत नाई हो पोराशी. कोनी शिकोलंच नाई.

तुमी म्हनसान, खुशालराव, एखादा विषय काढा, आपलं मत सांगा, बोलनं आपोआप वाढते. कुठून आनू मत? चौतीस वर्षं कारकुनी केली, फाइल आली का खाली लिहाचं 'अवलोकनार्थ सादर', सही ठोकाची, पुढं ढकलाची. मत साहेबाचं असते, कारकुनाचं नसते. चौतीस वर्षांत मले कोनी इचारलं नाई, खुशालराव, तुमाले काय वाटते म्हनून. अन घरी तं गोदाच होती, तिथं सवालच नव्हता.

तं झालं असं, एक दिवस इथंच, त्या तिसऱ्या कपाटात मले एक पुस्तक दिसलं. 'नक्षत्रनौका : अखेरचा तळ'. वर जहाजाचं चित्र. जहाज ओळखीचं! हेच जहाज मनोजच्या खोलीत भिंतीले चिकटोलेलं हाय, कॉलेजात होता तवापासून, कागद पिवया पडला पन मी काढला नाई. टीव्हीवर मालिका होती ती, आभायातून फिरनाऱ्या जहाजाची, पोरगं तिच्यापायी ताट घेऊन टीव्हीसमोर बसे. अन हे पुस्तक म्हनजे काय, तं मालिकेच्या तिसऱ्या अन चौथ्या सीझनच्या मंधात जे झालं, टीव्हीवर दाखोलंच नाई, त्याची कादंबरी. म्या म्हटलं, खुशालराव, विषय भेटला.

तीन हप्ते लागले वाचाले. गोष्ट काय, तं जहाज बिघडते, त्याची कॅप्टन इरा नावाची बाई, ते लोक एका तळावर थांबतात. तळ म्हनजे आभायातलं रेल्वे फाटकच समजा. तिथं एक म्हातारा, एकटा, बारा वर्षांपासून दिवा लावून बसेल, का बा येनाऱ्या जहाजाले रस्ता दिसावा. येत कोनी नाई. मंग लढाई होते, जहाज दुरुस्त होते, जहाज जाते, म्हातारा दिव्याची काच पुसते अन पुन्हा बसते. संपलं. बरं, मंग मले काय वाटलं? काहीतरी वाटलं, छातीत इथं, पन त्याले मत म्हनता येईना. अन शनिवार उजाडला. म्हनून सहज मागचं पान उलटलं, तं तिथं जत्रा!

एकानं लिहिलं, 'मालिका पाहिली नसेल तर हे पुस्तक वाचू नये.' त्याच्याखाली दुसऱ्यानं, 'पाहिली असेल तर मुळीच वाचू नये.' तिसरा म्हनते, 'कॅप्टन इरा टीव्हीवर अशी बोलत नाही, लेखकाने मालिका पाहिली होती का?' चौथा, 'लढाई पान ११२ वर आहे, तोपर्यंत चहा पिऊन यावे.' एकीनं लिहिलं, 'फार सुंदर, रडू आले.' त्याच्यापुढं बाण काढून कोनीतरी, 'कशाले?' अन सगळ्यात खाली, 'प्रवासात बरं आहे.' तयार मतं! फक्त पुढं ढकलाची. मले त्याचा चौतीस वर्षांचा अनुभव.

रविवारी फोन आला. 'बाबा, जेवले का?' 'हो,' अन लगेच म्या म्हटलं, 'मनोज, ती कॅप्टन इरा टीव्हीवर अशी बोलत नाई. लेखकानं मालिका पाह्यली होती का?' मले वाटलं लाइन गेली. मंग तो म्हनते, 'बाबा... तुम्ही नक्षत्रनौका वाचली?' एकेचाळीस मिनिटं! तुमाले सांगतो, एकेचाळीस मिनिटं बोललं माहं पोरगं माह्याशी. अन शेवटी म्हनते कसा, 'पण बाबा, ही पुस्तकं धरत नाहीत.' म्या म्हटलं, धरत नाईत म्हनजे? 'म्हणजे खऱ्या गोष्टीत धरत नाहीत. चौथा सीझन सुरू होतो तेव्हा तो तळ, तो म्हातारा, यातलं कोणालाच काही आठवत नाही. झालंच नाही असं समजायचं.' म्हनजे पाहा बावा. एक मानूस बारा वर्षं दिवा लावून बसला, अडीचशे पानं बसला, अन ते म्हने धरत नाईत.

मंग काय, लागला सपाटा. दर रविवारी एक मत. या रविवारी लढाई उशिरा येते, त्या रविवारी फार सुंदर, रडू आलं. मनोज म्हनते, 'बाबा, गेल्या वेळी तर तुम्ही म्हणाले, चहा पिऊन यावं?' म्या म्हटलं, मानसाचं मत बदलते. पस्तीस मिनिटं, चाळीस मिनिटं. पन पान ते केवढं? सहा मतं, सहा रविवार. सातव्या रविवारी घड्याळ लावलं. चार मिनिटं.

म्हनून मी नवीन मतं गोया कराले निंघालो. पुस्तक आपल्या कार्डावर काढाचं अन लोकाईले वाचाले द्याचं. शेजारच्या कौशल्याबाईले दिलं, त्या आठ दिवसांनी म्हनतात, 'भाऊजी, या जहाजाले एवढ्या काचा हायत, पुसते कोन?' एवढंच! पन मनोजले इतकं आवडलं, म्हने यावर कोणी विचारच केला नव्हता, अर्धा घंटा काचांवर. मंग वरूडचा भगवंत, संत्र्याचा व्यापारी, साडू लागते माहा, त्याच्या ट्रॅक्टरवर नेऊन ठेवलं. वीस पानं वाचली त्यानं. म्हनते, 'जाताना रिकामे, येताना रिकामे, अन एवढ्या दूर! याईच्याजवय मालच नाई तं हे फिरून काहून राहिले?' तेही चाललं. पन वाचनालयातल्या पौर्णिमाबाईनं कार्ड पाह्यलं, म्हनतात, 'काका, एकच पुस्तक अकरा वेळा?' म्या म्हटलं, आवडलं. खोटं काहून बोलू, मले तवापर्यंत त्या कॅप्टनीचं तोंड पाहू वाटत नव्हतं.

त्याच म्हनाल्या, अकोल्याच्या एका वाचनालयात याची दुसरी प्रत हाय. दुसरी प्रत म्हनजे दुसरं मागचं पान! सकायच्या एसटीनं अकोला. तिथली बाई म्हनते, सभासद असाल तरच पुस्तक मिळेल. म्या म्हटलं, बाई, मले पुस्तक नाई पायजे, फक्त मागचं पान दाखवा. तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मी पान फाडून खानार हावो. पन दाखोलं. तुमाले सांगतो, भल्लं मोठं कोरं पान, अन मंधात एकच ओळ, बारीक अक्षरात: 'मला आवडलं. पण कोणाशी बोलावं कळत नाही.'

मी उभाच राह्यलो. आता हे मत कसं सांगाचं पोराले? खिशातून पेन्सिल काढली अन खाली लिहिलं, 'अमरावतीच्या प्रतीत गर्दी आहे, तिकडे या.' तसाच परत आलो. पूरा रस्ता मले वाटे, कोन असन तो, का ती, घरी काय करत असन आता. त्या रविवारी चार मिनिटं.

अन गेल्या म्हैन्यात फोन आला तं आवाज सुनेचा. नीलम. भली पोरगी. 'बाबा, हे अंघोळीला गेलेत तेवढ्यात सांगते, रागावू नका. यांनी ती मालिका पाचव्या सीझनलाच सोडली, कॉलेज सुटल्यापासून पाहिलीच नाहीये. तुम्हाला एवढी गोडी लागली म्हणून ते पुस्तक मागवलं, आवडलं नाही त्यांना. पण रविवारी सहाला उठतात, इंटरनेटवर लोकांची मतं वाचतात, कोणी दोन तारे दिले, कोणी चार, कागदावर टिपून घेतात, बाबांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून. तुम्ही दुसरं काही वाचता का, जरा?'

म्हनजे कसं झालं पाहा. इकडून बोलून राहिला वरूडचा भगवंत, तिकडून बोलून राहिला कोन्या मुलखातला दोन तारेवाला. मंग आमी बाप-लेक होतो कुठी? चाळीस-चाळीस मिनिटं फोन चालू, अन फोनवर आमी दोघंही नाई. माह्या डोयात पानी आलं, सांगाले लाज कायची. पोरगं सहाले उठते हो. परीक्षेले उठत नव्हतं.

अन मंग हा परवाचा रविवार. सात वाजले. 'बाबा, जेवले का?' 'हो.' तिकडं कागद वाजला. आता मले तो आवाज ओळखू येते. म्हनते, 'बाबा, लढाईचं प्रकरण जरा लांबलंय, नाही?' माह्याजवय काहीच उरलं नव्हतं, ना कौशल्याबाई, ना भगवंत. मंग कागद खाली ठेवल्यासारखा झाला, अन तो म्हनते, 'बाबा, लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला स्वतःला काय वाटलं?'

तोंडात आलं होतं, अवलोकनार्थ सादर. पन निंघालं दुसरंच. म्या म्हटलं, 'मनोज, ते जहाज आठ दिवस थांबते त्या म्हाताऱ्यापाशी. नऊ जनं हायत. त्याले रस्ता इचारतात, मशीन इचारतात, दिवा कसा चालते ते इचारतात. अडीचशे पानांत एकानंबी इचारलं नाई, का बाबा, तुमी जेवले का.'

श्वास ऐकू येऊन राहिला होता. मंग लहान असताना बोले तशा आवाजात तो म्हनते, 'बाबा, जेवले का?'

म्या म्हटलं, 'नाई रे. सात वाजता कोन जेवते?'

तं तो हासला. गोदासारखा हासते तो, हे मले आजपर्यंत माईत नव्हतं. अन म्हनते, 'मग जेवून घ्या बाबा, मी ठेवतो, उशीर नका करू,' अन ठेवला. घड्याळ पाह्यलं. चार मिनिटं. जन्मात एक मत निंघालं सोताचं, तेबी चार मिनिटांत संपलं.

म्हनून आलो तुमच्याकडं. हा पाहा, नक्षत्रनौकेचा भाग दुसरा. कालच आला, पौर्णिमाबाईले सांगून पयला नंबर लावला होता. मागचं पान एकदम कोरं. तुमी न्या. माह्या कार्डावर हाय, चिंता नोका करू. आवडलं तं ठीक, नाई आवडलं तं अजून चांगलं, त्याच्यात बोलाले जास्त भेटते. फक्त शनिवारपर्यंत पायजे, अन दोन ओळीत नोका आटपू, घसघशीत लिहा. पेन्सिल मंधात ठेवेल हाय, टोक करून. खाली नाव लिहाची गरज नाई. आपल्यासारख्याईले तसंबी खऱ्या गोष्टीत धरत नाईत.