कोपऱ्यातली नखभर फट

आमचं घरानं पेनचं. अब्बा बाजारात बसायचे, बादल्यांना नि पिपांना नवी बुडं मारायची, तेच काम, मंग मी दुसरं काय शिकनार, पत्राच शिकलो. पुढं गल्फला गेलो, तिथं बी पत्राच, एसीचे डक्ट. बारा वर्सं काढली नि परत आलो, तवापासून रोह्याला एका शेडमधी बेंडिंग मशीनवर हाय. पत्र्याच्या मापाचं माझ्याशिवाय कोन कुनाला विचारत नाय. विचारत नव्हतं म्हना.

काय सांगू तुम्हाला, माझा कोपरा म्हंजे कोपरा व्हता. पेटी असू द्या, ट्रे असू द्या, काठ आत मोडायचा नि दोन काठ कोपऱ्यात तिरपे कापून असे भिडवायचे का मधी कागद जायचा नाय. लोक म्हनायचे, युसुफभायचा कोपरा बघा. आता खरं सांगतो, तवा कुनाला सांगितलं नाय. नवा माल आला का आधी पुठ्ठ्याचा नमुना करावा लागतो, तो आमची घरवाली जुबेदा कापायची. माप माझं, कैची तिची. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायची, घडी घालून बघायची, कोपरा चुकला तर मलाच म्हनायची, अवो, हितं माप दोन दोरे जास्त झालं. मी म्हनायचो, गप गो, तुला काय कळतं. नि गुपचूप दोन दोरे कमी करायचो.

पोरीचं लगीन झालं, घर रिकामं झालं, तवा ही पेनला कंप्युटरच्या क्लासला जायला लागली. मला वाटलं टायपिंग शिकंल. तर तिथल्या बाईनं तिला पत्र्याचं ड्रॉइंग दाखवलं. घरी आली ती हसतच, म्हनली, अवो, पुठ्ठाच हाय तो, पडद्यावर मोडायचा, कोपरा तिरपा कापायचा, नि बटन दाबलं का सगळा उलगडून सपाट व्हतो. मी व्हय म्हनलो नि चा मागितला.

मंग शेडमधला ड्रॉइंगवाला डोलवीच्या कंपनीत लागला, नि शेटला मीच बोललो, आमची हाय, चार दिवस बघा. माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला बघा. चार दिवसात जो येतो तो, भाबी हाय का? भाबीला विचारा. मी मशीनपाशी उभा, माझ्या अंगावरून लोक तिच्या टेबलाकडं. तिला खुर्ची, पंखा. मी घामानं निथळतोय. जळायचो मी, खोटं कशाला बोलू. बायको हाय, आपलीच हाय, पन जळायचो. येश्टीत बाजूला बसून ती कामाचं बोलायची नि मी खिडकीतून बाहेर बघायचो.

आता ऐका मी काय केलं ते. पत्रा बेंड करताना थोडा तानला जातो, म्हनून माप आधीच थोडं कमी धरायचं. किती कमी, ते मशीनच्या खालच्या डायवर, म्हंजे ज्या खाचेत पत्रा दाबून वाकवायचा त्या साच्यावर. डायची खाच रुंद असली का वाक गोल येतो, मंग जास्त कमी करायला लागतं. जुबेदानं बारीक खाचेचं माप मला विचारून घातलं व्हतं. त्या सोमवारी ती डाय फुटली, मी रुंद डाय चढवली. तिला सांगायचं व्हतं. जिभेवर आलं व्हतं. नाय सांगितलं.

ट्रेचा माल व्हता. बेंड मारले तर ट्रे मापाहून फुगलेले, नि चारी कोपऱ्यात नखभर फट. शेट सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला, भाबी, पडद्यावर लय ब्येस दिसतं, पत्र्यावर काय झालं? तिनं मान खाली घातली, म्हनली, माझं चुकलं. नि मला, अल्ला माफ करो, मला गार वाटलं. मंग तिनं एक ट्रे उचलला, वाकाच्या आत आंगठा फिरवला नि माझ्याकडं बघितलं. बस्स, कळलं तिला.

घरी भात वाढताना विचारलं, डाय कधी बदलली? म्हनलो, सोमवारी. मंग बोलला का नाय? मी ताट पुढं सरकवलं. तर म्हनली, तुमी माझ्यावर जळता, ठावं हाय मला. मी बी जळली तुमच्यावर, इतकी वर्सं. पुठ्ठा मी कापला नि कोपरा युसुफभायचा. एवढं बोलली नि भातावर सालन वाढलं. माझं नाव, बघा, लग्न झाल्यापासून तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेटला मीच सांगितलं, डाय मी बदलली व्हती, भाबीचं काय चुकलं नाय. मंग आमी दोघांनी पत्र्याच्या पट्ट्या मोडल्या, मोजल्या. कुठल्या पत्र्याला कुठल्या डायवर किती कमी करायचं, माझ्या हातातलं सगळं तिनं विचारलं, मी सगळं दिलं, काय ठेवलं नाय. तिनं ते कंप्युटरच्या यादीत घातलं नि वर नाव टाकलं, युसुफ.

आता शेटचा भाचा बी ड्रॉइंग करतो. यादीतून युसुफ निवडतो, कोपरा बरोबर भिडतो, मला हाक बी मारायला लागत नाय. जुबेदाच्या हाताला अल्ला बरकत देवो, मनापासून म्हनतो. तिच्यावर नाय जळत आता. पन त्या पडद्यावरच्या युसुफला दिवसभर सगळे विचारतात, नि हितं मशीनपाशी उभा हाय त्येला कोन नाय. त्या युसुफवर जळतो मी. आता बोला.