स्वतः उपस्थित राहावे

महाबळेश्वर : …आणि म्हणून, अधिकारी मित्रहो, परदेशात अडकलेल्या आपल्या एकेका माणसामागं अख्खं राष्ट्र उभं असतं!

फुला : साहेब, डोळं उघडा अन् टेबलावरनं खाली उतरा. पाय हलतोय त्येचा.

महाबळेश्वर : फुलाक्का, तुम्ही? आणि माझे प्रशिक्षणार्थी?

फुला : समदी काळी नदीत राफ्टिंगला गेल्यात. मघापास्नं मी एकटीच ऐकतेय. ताटं मांडत.

महाबळेश्वर : मग तुम्हीच या. वकिलातीत तक्रारीचा फोन कसा घ्यायचा, त्याची तालीम करू. तीस वर्षं तेच केलं, निवृत्तीनंतर तेच शिकवतो. तुम्ही तक्रार करणाऱ्या बाई, मी अधिकारी. हं, लावा फोन.

फुला : हॅलो. माझा भाऊ नागू. आखातात गवंडीकामाला गेलाय. मुकादमानं पासपोर्ट काढून घेतलाय, खोलीला बाहेरनं कडी घालतोय. आठ म्हैनं झालं.

महाबळेश्वर : वा, काय रंगवताय! आता अधिकारी म्हणेल, तक्रार नोंदवली, लाइनवर राहा.

फुला : ऱ्हायले. रेंजसाठी टेकडीवर चढले हुते. तासभर नुसता बाजा वाजला. अस्वल आलं, तर फोन कानाला धरूनच झाडावर चढले.

महाबळेश्वर : अस्वल नको, फुलाक्का. खरं वाटलं पाहिजे.

फुला : मग एक साहेब बोलले. तक्रारदारानं स्वतः यावं म्हणाले. कोंडलेल्या माणसानं स्वतः कसं यावं, म्हटलं मी. तर म्हणाले, आपला दिवस शुभ असो.

महाबळेश्वर : …हे कधीचं?

फुला : शिमग्याच्या आदल्या मंगळवारचं.

(महाबळेश्वर रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर बसतो.)

महाबळेश्वर : स्वतः येण्याचा नियम माझा आहे. शुभ दिवससुद्धा माझाच.

फुला : फोनवर तुम्ही न्हवता. आवाज कवळा हुता.

महाबळेश्वर : मीच शिकवलेला असणार. त्या नियमानं दारातली गर्दी निम्मी झाली. शाल घालून सत्कार केला माझा. मला वाटलं, लोकांच्या अडचणीच कमी झाल्या.

फुला : वाटतं तसं.

महाबळेश्वर : मान वर करवत नाही हो. आजच नियमावली फाडतो. दिल्लीला लिहितो. सगळा अभ्यासक्रम नव्यानं…

फुला : ते करा सावकाश. नागूचा मोबाइल अजून लागतोय. मुकादम जवळ बसलेला असताना वकिलातीतनं कुणाला तरी त्येला फोन करायला सांगा. जास्त काय बोलू नका. 'जेवलास काय' एवढंच इचारा. ह्येच्यामागं कोणतरी उभं हाय, एवढं मुकादमाला कळू द्या.