अर्थिंगचा बोल्ट

माझं नाव सुकलाल. गाव इथलंच, धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेच्या काठी, बाप जिनिंगमध्ये गाठी उचलायचा, माय निंदणीला जायची, आणि मी शाळेत कमी आणि गावच्या पाटलाच्या ट्रॅक्टरमागे जास्त. ट्रॅक्टरवर हात बसला, मग जीप चालवली, धुळे-साक्री, धुळे-साक्री, आणि मग देवपुरात नानांकडे ड्रायव्हर म्हणून लागलो तो तेवीस वर्षं. तेवीस वर्षं म्हणजे काय सांगू तुम्हाला, माझी दोन्ही पोरं त्यात मोठी झाली आणि माझी माय त्यातच गेली. नानांचं पाइपांचं दुकान. माणूस देवमाणूस, म्हणजे मी तेव्हा तसंच म्हणायचो, आज काय म्हणू ते तुम्हीच ठरवा.

गाडी डिझेलची. डिझेल गाडीचा एक कायदा शे भाऊ, चावी फिरवायची, हीटरचा पिवळा दिवा विझू द्यायचा, मग सेल्फ मारायचा. दोन-चार सेकंदांचं काम, पण तेवढा धीर नानांच्या पोराला, पंकजला, कधी नव्हता. तो बसला की चावी आणि सेल्फ एकदमच, आणि वरून गाडीलाच शिव्या. माझ्या हातात गाडी कधी कुरकुरली नाही. मी तिच्या आवाजावरून सांगायचो, आज पाणी कमी आहे, आज फिल्टर बघावं लागेल. नाना चारचौघांत म्हणायचे, माझ्या गाडीची नाडी सुकलालला कळते. ते ऐकून माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

आता दसऱ्याचं ऐका, कारण बठ्ठं, सगळं काही, तिथंच आहे. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात, चाकाखाली लिंबू, बॉनेटला हार. पण नानांची रीत वेगळी. ते बॉनेट उघडायला लावायचे, नारळ फोडायचे आणि त्याचं पाणी स्वतःच्या हाताने इंजिनवर द्यायचे, म्हणायचे हिचंही तोंड गोड झालं पाहिजे. बॉनेट धरून उभा कोण, तर मी. आणि मीच म्हणायचो, नाना, इकडे बॅटरीकडे पण द्या थोडं. दरवर्षी. बॅटरीच्या शेजारी, आत, बॉडीला एक बोल्ट असतो, त्यावर अर्थिंगची वायर आवळलेली. ते पाणी दरवर्षी त्या बोल्टावर मुरत गेलं आणि बोल्ट आतून गंजत गेला. मी हाताने गाडी रोज पुसायचो, पण देवाचं पाणी म्हणून तिथं कधी फडकं घातलं नाही. हा माझा गुन्हा आहे, तो मी कबूल करतो. पण माझ्यावर आला तो गुन्हा दुसराच.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत गाडी सकाळी जड घ्यायला लागली. ढुर्र, ढुर्र, ढुर्र, आणि मग कुठं उचलायची. मी म्हटलं, आधी वायरी बघू. पंकज म्हणाला, तू ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरच राहा. त्याने मिस्त्री आणला, मिस्त्रीने बॅटरी बदलली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी तेच. मग दुसऱ्या मिस्त्रीने सेल्फ काढून नवा बसवला, तरी तेच. आणि त्याच दिवसांत घरात चाललं होतं की आता ड्रायव्हर नको, पंकज स्वतः चालवेल. ते मला स्वयंपाकाच्या बाईकडून कळलं होतं.

एके सकाळी नानांना मुक्ताईनगरला लग्नाला जायचं, कपडे घालून ओट्यावर उभे, घरातले सगळे बाहेर, आणि गाडी उचलेना. मी म्हटलं, नाना, मला दहा मिनिटं द्या. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडाला एक जाड वायर सरळ लावली आणि सेल्फ मारला, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, खोट अर्थिंगची. बोल्ट खोलला, आत सगळा गंज. पॉलिश पेपरने घासला, आवळला, आणि गाडी अशी उचलली की जशी आजच शोरूममधून आली. मी हसत वर पाहिलं. आणि पंकज म्हणतो, बघा नाना, मी म्हणत होतो ना. हे यानेच करून ठेवलं होतं. दोन मिस्त्रींना सापडलं नाही ते याला दहा मिनिटांत कसं सापडलं? याला काढायचं ठरलंय ते याला कळलं, म्हणून बोल्ट ढिला करून ठेवला, की माझ्यावाचून यांचं अडलं पाहिजे.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पोराचं मला काही वाटलं नाही भाऊ, ते पोर बोलघेवडंच. मी नानांकडे पाहिलं. गंजलेला बोल्ट काय ढिला केलेला असतो का, गंज एका रात्रीत चढतो का, एवढं तर पाइप विकणाऱ्या माणसाला कळतं. नानांनी घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले. गाडी पंकजनेच चालवली. मी गाडी गेली तिकडे बघत उभा, हाताला गंज तसाच.

आता मी शाळेची व्हॅन चालवतो. पोरं चांगली आहेत, काका काका करतात. पण देवपुरात अजून कोणी कोणी म्हणतं, नानांच्या गाडीत काहीतरी केलं होतं तोच ना हा? तेवीस वर्षांचं नाव एका बोल्टात गेलं. ते काही घासून निघत नाही.

या दसऱ्यानंतर नानांचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. म्हणाले, सुकलाल, गाडी पुन्हा जड घेते रे, ये ना जरा. बायको शेजारीच होती, ती म्हणाली, जाशात तर बघा. मी फोनवरच सांगितलं, नाना, बॅटरीजवळचा बोल्ट खोला, घासा, आवळा, आणि नारळाचं पाणी तिथं देऊ नका. ते म्हणाले, तू येऊन दाखव. मी म्हटलं, मी हात लावणार नाही, मला सापडलं की म्हणतात ते मीच केलेलं. मग ते म्हणाले, मले तवाच माहीत व्हतं रे, तू काही करेल नव्हतं.

तवाच माहीत व्हतं. मी फोन ठेवला. खरं सांगू, त्या सकाळी माझं जेवढं गेलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्यात गेलं.

माझ्या तोंडून त्यांचं वाईट निघत नाही, नाना वयाचे झाले, देव त्यांना सुखाने फिरवो. व्हॅनचा रस्ता रोज त्यांच्या दारावरून आहे. सकाळी गाडीचा आवाज येतो, ढुर्र, ढुर्र. अजून बोल्ट कोणी खोललेला नाही. दहा मिनिटांचं काम. मी थांबत नाही.