दोन डोंगरांची गोळी

...नाही, माझं टेबल हलवा, खुशाल हलवा, पण कोणासाठी हलवताय ते तरी बघा! एका काडीसाठी! तुम्हाला सांगतो, औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासण्यात एकतीस वर्षं वेचली मी. गोळी कुटायची, विरघळवायची, वरून थेंब थेंब द्रव सोडायचा, रंग पालटला की तत्क्षणी नळी बंद... चित्त असं एकाग्र, की देवापुढे बसलो तरी तेवढं होत नाही, तो क्षमा करो! आणि आता ती काडी मला शिकवणार?

हे यंत्र आणलं नव्या केमिस्टबाईंनी. वय माझ्या धाकटीएवढं. "काका, द्रावणात ही काडी बुडवायची, विजेचा दाब हळूहळू वाढवायचा, की पडद्यावर औषधाचा डोंगर उठतो. जितका उंच, तितकं औषध. दोन मिनिटं!" अहो, दोन मिनिटांत माझा चष्मा पुसून होत नाही!

साहेब म्हणाले, "तापाच्या गोळ्यांची एकच पूड दोघं तपासा. यंत्र खरं ठरलं, तर तुमच्या टेबलाच्या जागी यंत्र."

माझा आकडा आला, नव्व्याण्णव टक्के. इकडे बाई आपलं भांडं अशा हलवतायत, जणू आत बाळ झोपलंय! मला कसलं राहवतंय? "सरक, पोरी!" म्हटलं, माझी काचेची कांडी उचलली आणि दाखवलंच, ढवळणं कशाला म्हणतात ते!

काडी बुडाली. पडद्यावर डोंगर उठले... दोन! गोळीत औषध एक, डोंगर दोन? मी टाळीच वाजवली! "साहेब, हे यंत्र नव्हे, भ्रम आहे! भंगारात घाला! ही काडी मला शिकवणार?"

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "साहेब, उजवा डोंगर तापाच्या औषधाचा. आकडा काकांचाच, नव्व्याण्णव. डावा दिसतोय व्हिटॅमिन सीचा. आणि तो या गोळीत नसतोच. काका... या कांडीनं आधी काय ढवळलं होतंत?"

काय सांगू तुम्हाला! सगळ्यांच्या नजरा माझ्या टेबलाकडे. वहीमागे लिंबाच्या सरबताचा अर्धा पेला! एकतीस वर्षं ढवळतोय, कोणाला पत्ता नाही. साखर बंद करणाऱ्या आमच्या हिलासुद्धा नाही! आणि काडीला दोन मिनिटांत?

टेबल गेलं. आता मोजणीआधी भांडी नि कांड्या धुऊन बाईंना दाखवायच्या, एवढंच काम. त्या उजेडात धरून बघतात. "काका, पुन्हा एकदा." मी पुन्हा धुतो.

सरबत? घेतो ना. चमच्यानं ढवळून.