शेवटी ठेवलेला आयरिश सिनेमा

शिकागोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात चंद्रशेखर पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. आपल्याला मराठी येतं, हे मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या जोडप्याला सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

“अहो, त्या आयरिश सिनेमांच्या यादीतले किती राहिले?”

“एकच. बेटावरच्या कोळिणीचा. शेजारची मॉरीन म्हणाली, आयर्लंड बघायचं तर याच सिनेमात बघा.”

“आयरिश भाषेतला ना? म्हणजे सबटायटल्स वाचायची.”

“हो.”

“आणि इंग्रजीतले चार आधी लावलेत! ते मला नुसते ऐकूनही समजले असते.”

“सगळ्यात चांगला म्हणून शेवटी ठेवला गं, अहिल्या. ऑपरेशन एवढं अलीकडे आणतील, हे मला काय ठाऊक?”

“एक डोळा गेलाच आहे. हाही गेला तर?”

“डॉक्टर म्हणाले, सत्तर टक्के चान्स आहे.”

“उरलेल्या तिसांचं विचारलंत?”

“नाही. जीभच उचलेना.”

“म्हणजे तो सिनेमा राहिलाच म्हणायचा.”





“मी वाचून दाखवीन. एकेक ओळ, मराठीत.”

“तुम्ही? पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकता.”

“नाही सांगणार. शप्पथ.”

नर्सने नाव पुकारलं. चंद्रशेखरांनी बऱ्याच वेळात पान उलटलं नव्हतं. अहिल्याबाईंना आत नेणारी चाकांची खुर्ची दारापाशी थांबली.

“अहो, कोळीण रडली तर तसं सांगा. तुम्ही मात्र रडू नका. मला कळायचं नाही, कोण रडतंय ते.”